उजवा कोणाचा?

आपण दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसता, तेव्हा आपला उजवा हात त्यांच्या डाव्या हातासमोर येतो. समोरासमोर बसलेल्या कोणत्याही दोन माणसांचे असेच असते, त्यात नवल काही नाही. परंतु शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आम्हाला एक शिस्त लावली जाते: उजवे आणि डावे नेहमी रुग्णाचे, पाहणाऱ्याचे नव्हे. छातीची एक्स-रे फिल्म प्रकाशपेटीवर लावली की हृदयाचा मोठा भाग पाहणाऱ्याच्या उजवीकडे दिसतो आणि ती रुग्णाची डावी बाजू असते. तीस वर्षे मी हे भाषांतर करत आले आहे. इतक्या सवयीने, की आपण काही भाषांतर करतो आहोत याचाही विसर पडावा.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी त्यात चुकले. मढच्या धक्क्यावर शेवाळावरून घसरून हातावर पडलेली एक कोळीण माझ्याकडे आली. मनगट टम्म सुजले होते. मी तात्पुरती फळी बांधली, वेदनाशामक दिले आणि एक्स-रेची चिठ्ठी लिहिली: उजवे मनगट. मनगट डावे होते. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाने सूज पाहून मला दूरध्वनी केला, "मॅडम, चिठ्ठीवर उजवा लिहिलाय आणि फळी डाव्याला आहे. कुठला काढू?" मी दिलगिरी व्यक्त केली, त्याने डाव्याचा फोटो काढला, हाड मोडल्याचे दिसले, प्लास्टर झाले. रुग्णाला यातले काही कळलेही नाही. मला मात्र रात्री झोप आली नाही.

डॉक्टर आजारी पडला की सर्वांत भयंकर निदान प्रथम करतो, हे आपण ऐकले असेलच. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला उजव्या-डाव्याचा गोंधळ होऊ लागला, तर मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागातील बिघाडाची शंका पाठ्यपुस्तकात दिलेली असते. योझेफ गेर्स्टमान या ऑस्ट्रियन चेताविकारतज्ज्ञाने १९२० च्या दशकात या लक्षणसमूहाचे वर्णन केले: उजवे-डावे न ओळखणे, स्वतःची बोटे नावानिशी सांगता न येणे, लिहिता न येणे आणि साधे हिशोब न जमणे. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात उभी राहून मी माझी बोटे मोजली, शंभरातून सात सात वजा करत दोनपर्यंत आले आणि वाण्याच्या पावतीच्या मागे अर्ज लिहावा तसा एक परिच्छेद लिहून काढला. सगळे ठीक होते. तरीही दुसऱ्या दिवशी वर्गमित्र असलेल्या एका फिजिशियनकडे गेले. रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-१२ यांची तपासणी झाली. शेवटी त्याने विचारले, "चिठ्ठी लिहिताना मध्येच कोणी काही विचारलं होतं का?" विचारले होते. साथीचे दिवस होते, बाहेर पन्नास माणसे ताटकळत होती आणि पेन कागदावर टेकले असतानाच कंपाउंडरने कुठल्याशा इंजेक्शनबद्दल विचारले होते. "मग झालं तर," तो म्हणाला.

त्याचे समाधान झाले; माझे पुरते झाले नाही. तीस वर्षांची सवय एका प्रश्नाने मोडते म्हणजे नेमके काय मोडते, हे मला कळत नव्हते. ते कळले एका खेळण्यामुळे, आणि आज मला त्याविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

माझा धाकटा मुलगा पुण्यात शिकतो. तेथील सदानंद काळे यांची एरोमॉडेलिंगची प्रात्यक्षिके पाहून त्याला नाद लागला आणि एका दिवाळीत तो तळहाताहून थोडे मोठे, विजेरीवर चालणारे, रिमोटचे एक हेलिकॉप्टर घेऊन घरी आला. सुट्टी संपली, तो गेला, खोका कपाटावर राहिला. चिठ्ठीच्या प्रकारानंतर पंधरवड्याने, एका रविवारी, दवाखान्याच्या वरच्या मोकळ्या खोलीत मी ते सहज उडवून पाहिले. ते उडाले, माझ्या डावीकडे सरकले, मी त्याला उजवीकडे आणायला गेले आणि ते आणखी डावीकडे जाऊन गोदरेजच्या कपाटावर आदळले. त्या क्षणी त्याचे नाक माझ्याकडे होते. म्हणजे ते माझ्यासमोर बसलेले होते. मला ती चिठ्ठी आठवली.

हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर ठेवणे ही उडवण्यातली सर्वांत सोपी गोष्ट असावी, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात शिकणाऱ्याला सर्वांत जास्त रडवते ती हीच. पालथ्या ताटलीवर गोटी तोलून पाहा, म्हणजे कल्पना येईल. डोक्यावरचा मोठा पंखा हवा खाली ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने गरगरू पाहते. शेपटीचा छोटा पंखा त्याला आवरून धरतो. मोठा पंखा किंचित कलला की यंत्र त्या बाजूला घसरू लागते आणि आपण आवरेपर्यंत घसरतच राहते. शिवाय दांडी सरळ केली म्हणून ते थांबत नाही. थांबवण्यासाठी उलट बाजूला थोडा कल द्यावा लागतो आणि तोही वेळेत काढून घ्यावा लागतो. नवशिका नेहमी उशिरा आणि जास्त देतो. मग यंत्र झोपाळ्यासारखे झुलू लागते, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवट भिंतीत होतो. जमिनीलगत ही ओढाताण अधिकच असते, कारण पंख्याने खाली लोटलेली हवा फरशीवर आपटून परत यंत्राखाली येते.

शेपटी आपल्याकडे असेल तोवर हे सारे निदान समजण्यासारखे तरी असते, कारण यंत्राचा उजवा तोच आपला उजवा. आपण जणू त्याच्या मागच्या बाकावर बसलेले असतो. पण ते वळले, नाक आपल्याकडे आले, की उजवे डावे होते आणि पुढचे मागचे. त्यातही पुढचे-मागचे जास्त धोक्याचे. यंत्र आपल्या तोंडावर येऊ लागले की कोणाचाही हात दांडी पुढे लोटतो, अंगावर येणाऱ्या कुत्र्याला हाताने दूर सारावे तसा. परंतु यंत्राच्या भाषेत 'पुढे' म्हणजे आपल्याच दिशेने, त्यामुळे ते दुप्पट वेगाने अंगावर येते. त्याला थांबवायचे तर दांडी स्वतःकडे ओढावी लागते. येणाऱ्याला ओढून थांबवायचे, ही गोष्ट हाताला पटायला मला तीन महिने लागले.

आता यात आरोग्याचा संबंध काय, असे आपल्या मनात आले असेल. वर्सोव्याहून मढला येणाऱ्या तरीत बसले की डोक्यावरून जुहूच्या विमानतळावरून निघालेली हेलिकॉप्टरे समुद्राकडे जाताना दिसतात. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण करणारी. त्यातला वैमानिक आणि माझ्यासारखा जमिनीवर उभा राहून खेळणे उडवणारा, यांत मोठा फरक आहे. त्याचे शरीर यंत्राबरोबर कलते. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोके कोणत्या दिशेने वळले ते सांगतात. त्यांच्या शेजारच्या दोन छोट्या पिशव्यांतले चुन्याचे सूक्ष्म कण गुरुत्वाची दिशा सांगतात. स्नायू आणि सांध्यांकडून येणारी वर्दी वेगळीच. ढगात शिरल्यावर ही वर्दी फसवी ठरू शकते, म्हणून वैमानिकाला तेथे उपकरणांवर विसंबायला शिकवतात, हा भाग निराळा. पण माझ्याजवळ यातले काहीच नसते. यंत्र कलते तेव्हा मी ताठ उभी असते, माझा कान सांगतो, सर्व काही स्थिर आहे. सारा भार एकट्या डोळ्यांवर पडतो.

हे जाणवले तेव्हा मला माझे वृद्ध रुग्ण आठवले. मधुमेहाने ज्यांच्या तळपायांच्या नसा बधिर झाल्या आहेत किंवा ज्यांच्या आतल्या कानाचे काम मंदावले आहे, त्यांचा तोल दिवसा डोळे सांभाळतात. रात्री दिवा विझला की तो आधार जातो आणि मोरीकडे जाताना ते पडतात. अशा माणसाला बेसिनसमोर तोंड धुताना, साबणामुळे डोळे मिटले की, झोक जातो. ही खूण जुन्या डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी तोंड धुताना एका हाताने बेसिन धरून ठेवत असतील, तर ती त्यांची लकब समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना अवश्य सांगा. आणि त्यांच्या खोलीपासून मोरीपर्यंत रात्रभर मंद दिवा असू द्या. तो कोणत्याही शक्तिवर्धक औषधाहून स्वस्त आहे.

डोळ्यांवर सारा भार असला, की डोळ्यांना काय दिसते याला फार महत्त्व येते. माझ्या वरच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे. एका संध्याकाळी यंत्र त्या खिडकीसमोर गेले आणि मावळतीच्या उजेडात त्याची नुसती काळी आकृती उरली. काळ्या आकृतीला पुढचे-मागचे नसते. ते आपल्याकडे येते आहे की आपल्यापासून दूर जाते आहे, हे डोळा ठरवू शकत नाही, आणि मेंदूला तर अनिश्चितता सहन होत नाही. तो काहीतरी एक ठरवून टाकतो आणि तेच आपल्याला 'दिसते'. मला यंत्र पाठमोरे दिसत होते, होते सामोरे. दोन पाती मोडली. त्यानंतर मी खिडकीला पडदा लावला आणि दिवा माझ्या पाठीमागे घेतला.

मुलाने फोनवर सांगितले, "आई, नाक आणि शेपटी यांचे रंग वेगळे कर." मी नाकावर पिवळी चिकटपट्टी लावली. पुढची सूचना माझ्या एका रुग्णाची. हे सत्तरीचे तांडेल. रक्तदाब मोजायला दर पंधरा दिवसांनी येतात. जिन्यावरून येणारा घरघराट ऐकून ते एकदा वर डोकावले. यंत्राची कपाटाशी झालेली झटापट त्यांनी दारात उभे राहून शांतपणे पाहिली आणि विचारले, "डॉक्टरीनबाय, याला दिवे नाय?" रात्री समुद्रावर समोरून येणारे गलबत कोणीकडे तोंड करून आहे, हे त्याच्या दिव्यांवरून कळते. प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा असतो. विमानांच्या पंखांवरही तोच नेम. तांबडा आपल्या उजवीकडे आणि हिरवा डावीकडे दिसला, तर ते सरळ आपल्यावर येते आहे. दुसऱ्या दिवशी मी यंत्राच्या डाव्या अंगाला तांबडी आणि उजव्या अंगाला हिरवी पट्टी लावली. बंदरातला हा जुना संकेत माझ्या खोलीत कामाला आला. विचार करावा न लागता, नुसत्या रंगाने, यंत्र आपली बाजू स्वतःच सांगू लागले.

'विचार करावा न लागता' हेच खरे मर्म आहे. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठोकळ्यांच्या दोन आकृती दाखवायच्या आणि त्या एकाच वस्तूच्या आहेत की नाहीत, हे विचारायचे. दोन आकृतींमध्ये वळणाचा कोन जितका अधिक, तितका उत्तराला लागणारा वेळ अधिक, तोही अगदी सरळ प्रमाणात. माणूस जणू मनातल्या मनात वस्तू फिरवून पाहतो आणि अर्ध्या फेऱ्याला सर्वाधिक वेळ लागतो. नाक आपल्याकडे असलेले हेलिकॉप्टर नेमके अर्ध्या फेऱ्यावर असते. 'ते माझ्या डावीकडे चालले, म्हणजे त्याच्या उजवीकडे, म्हणजे मी त्याला त्याचे डावे द्यायला हवे' हे वाक्य मनात पुरे होईतो पाते भिंतीला लागलेले असते. थकलेल्या, घाईतल्या किंवा मध्येच कोणी टोकलेल्या मेंदूला ही फेरी पुरी करता येत नाही. तो ती अर्ध्यावर सोडतो आणि स्वतःचेच उजवे खरे मानतो. कोळणीच्या मनगटाचे नेमके हेच झाले होते, असे माझे मत आहे. प्रयोगाने ते मी सिद्ध केलेले नाही. पण कपाटावर आदळण्याचा अनुभव मला पुरेसा वाटतो.

मग जाणते लोक कसे उडवतात? ते मनात फिरवत नाहीत, ओळखतात. नाक समोर असताना एकच नेम: यंत्र माझ्या ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला दांडी न्यायची. पडू पाहणाऱ्या भिंतीला त्याच बाजूने टेकू द्यावा, तसे. येथे उजवे-डावे हे शब्दच उरत नाहीत. तांडेलांनी हे आणखी सोप्या शब्दांत सांगितले. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते, हे त्यांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. मी विचारले, "सुरुवातीला गोंधळ व्हायचा नाही?" ते म्हणाले, "हात कुठं जाते ते बघलं तर होनारच. नालेकडं बघायचं." नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक. हेलिकॉप्टर शिकवणारेही हेच सांगतात: शेपटीकडे पाहू नका, नाकाकडे पाहा. शेपटी डावीकडे गेली की नाक उजवीकडे गेलेले असते. शेपटीच्या मागे लागणारा शिकाऊ आयुष्यभर उलटा हात मारत राहतो. आणि स्वतःच्या बोटांकडे तर पाहूच नये.

वाचकांपैकी कोणाला, किंवा आपल्या घरातील मुलाला हा छंद लावायचा असेल, तर माझ्या चुकांतून शिकलेले थोडे सांगते. आरंभ संगणकावरील सिम्युलेटरने करावा. तेथे मोडलेले पाते एका कळीने नवे होते. मग एकाच अक्षावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन पंखे असलेले लहान यंत्र घ्यावे, ते स्वभावाने शांत असते. प्रथम उड्डाणाचा हट्ट न धरता ते फरशीवर नुसते हलके होऊन सरकू द्यावे, मग वीतभर उचलावे. तीन-चार हात मागे उभे राहून शेपटी आपल्याकडे ठेवावी. एकदम उलटे वळवू नये. घड्याळाच्या तबकडीची कल्पना करा: शेपटी सहावर असताना जमले की ती पाचवर आणि सातवर नेऊन पाहायची, पुढच्या आठवड्यात चारवर आणि आठवर. यंत्र आडवे असताना आपले अंगही त्याच दिशेला वळवून खांद्यावरून पाहावे. यंत्राशी आपली दिशा जुळली की अर्धा गोंधळ मिटतो. आणि भान हरपले, कोणते टोक कोणते हे कळेनासे झाले, तर सावरण्याचा अभिमान सोडून थ्रॉटल बंद करावे. दोन फुटांवरून पडल्याने फारसे बिघडत नाही.

विजेरी सहा-सात मिनिटांत संपते, ही निर्मात्याची आपल्यावर कृपाच म्हणायची. दिवसाला दोन विजेऱ्या पुरेत. तिसऱ्या विजेरीला माझा हात नेहमी बिघडतो, मी श्वास रोखते, अंगठे पांढरे पडेपर्यंत दांड्या आवळते. आदल्या संध्याकाळी मुळीच न जमलेली गोष्ट दुसऱ्या सकाळी अचानक जमते, याचा अनुभव मला वारंवार आला आहे. झोपेत मेंदू हाताचे धडे पक्के करतो, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना मी हे सांगते. ती ऐकत नाहीत.

चष्म्याची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पन्नाशीनंतर आपल्यापैकी अनेकांच्या चष्म्यात वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असतो. फरशीजवळचे यंत्र मी खालच्या भागातून पाहत होते आणि तीन-चार हातांवरचे ते मला धूसर दिसत होते. महिनाभर मी ज्याला बुद्धीचा दोष समजत होते, त्यातला बराचसा काचेचा होता. जिना उतरताना पायरी चुकते ती याच कारणाने. मी केवळ दूरच्या नंबरचा एक वेगळा चष्मा करून घेतला. तो आता जिन्यालाही वापरते आणि यंत्रालाही.

धोक्याविषयी. हे खेळणे दिसते त्यापेक्षा तिखट आहे. लहान यंत्राचे पातेही डोळ्याला इजा करू शकते, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच आणि रांगणारी मुले खोलीबाहेर हवीत. मोठ्या यंत्रांची पाती तर शस्त्रच समजावीत. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकोणीस वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचे पाते लागून दगावला. लिथियमची विजेरी फुगली असेल तर ती पुन्हा चार्ज करू नये आणि चार्जिंगला लावून झोपी जाऊ नये. शिवाय, मढचा किनारा कितीही मोकळा वाटला, तरी येथे असले काही बाहेर उडवण्याचा विचार मनात आणू नये. शेजारी मार्वेला नौदलाचा आयएनएस हमला हा तळ आहे, मुंबई पोलीस रिमोटवर उडणाऱ्या यंत्रांवर वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाची तांबड्या, पिवळ्या, हिरव्या क्षेत्रांत वाटणी झाली आहे. माझे सारे उड्डाण बारा बाय अठराच्या खोलीत झाले आहे आणि तेवढे मला पुष्कळ आहे.

दवाखान्यात मी एक गोष्ट बदलली. चिठ्ठीवर बाजू लिहिण्याआधी मी दुखऱ्या अवयवाला हात लावते आणि तो हात तेथे असतानाच दुसऱ्या हाताने लिहिते. रुग्णाला विचारते, "हा जेवायचा हात का दुसरा?" कोणी मध्ये बोलले तर पेन खाली ठेवते, त्याचे ऐकून घेते आणि पुन्हा अवयवाला हात लावून आरंभापासून सुरू करते. कंपाउंडरला प्रथम हा तऱ्हेवाईकपणा वाटला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-सूची पुढे आणली, तिच्यात चाकू लावण्यापूर्वी शस्त्रक्रियेची जागा सर्वांनी मोठ्याने निश्चित करण्याचा टप्पा आहे. मोठमोठ्या शल्यविशारदांनाही ते आवश्यक वाटले, हे मी त्याला सांगितले. आपणही रुग्ण म्हणून एवढे करू शकता: चिठ्ठी हाती पडली की तिच्यावर लिहिलेली बाजू वाचा. दुखणारा अवयव आपला आहे, तो कोणता हे डॉक्टरांपेक्षा आपल्याला चांगले ठाऊक असते. विचारल्याने कोणताही शहाणा डॉक्टर रागावणार नाही.

उजव्या-डाव्यात अधूनमधून चूक होणे, रिक्षावाल्याला 'लेफ्ट' म्हणून उजवीकडे बोट दाखवणे, हे अनेक निरोगी माणसांचे जन्मभर चालते. त्याची भीती बाळगू नका. मात्र असा गोंधळ अचानक, एका दिवसात सुरू झाला, जोडीला बोलताना शब्द सापडेनासे झाले, लिहिता येईनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूच्या हातापायांतले बळ गेले, तर तो पक्षाघात समजून त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते आणि मढसारख्या ठिकाणाहून मालाडपर्यंतच्या रस्त्यालाच त्यातला बराचसा वेळ जाऊ शकतो. 'सकाळी बघू' असे म्हणू नका.

गेल्या आठवड्यात तांडेल रक्तदाबासाठी आले, तेव्हा दवाखाना रिकामा होता. रक्तदाब एकशे छत्तीस, वर ब्याऐंशी. सुक्या मासळीतले मीठ कमी केल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले, त्यावर माझा निम्मा विश्वास आहे. मग आम्ही वर गेलो. मी पडदा ओढला, चष्मा बदलला आणि यंत्र उचलले. सहापासून नऊपर्यंत, नऊवरून बारापर्यंत हळूहळू शेपटी नेली. नाक माझ्याकडे आले. तांबडी पट्टी माझ्या उजवीकडे, हिरवी डावीकडे. तांडेल खुर्चीवर बसून मोठ्याने आकडे मोजत होते, जाळे ओढताना मोजावेत तसे, संथ आणि खर्ज्यात. यंत्र डावीकडे कलले, मी डावीकडे टेकू दिला. ते माझ्याकडे येऊ लागले, मी ओढून धरले. सतरापर्यंत मोजून झाले होते, इतक्यात खालून कोणीतरी हाक मारली, "डॉक्टर आहेत का?" आणि यंत्र कपाटाकडे निघाले. मी थ्रॉटल बंद केले. ते फरशीवर टेकले, पाती शाबूत होती. तांडेल उठून जिन्याशी गेले आणि खाली ओरडून म्हणाले, "हाईत, हाईत! जरा दम धरा!"